बरोब्बर तीन तास

४ एप्रिल

माऊ,

फोन उचलू नकोस, पण हे पत्र फाडायच्या आधी एकदा वाच. तुझ्या लॅबच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण राहायला कुठे गेलीस ते आईला सांगावं एवढंही तुला वाटलं नाही. काउंटरवरच्या मुलीनं रिपोर्ट समजून उघडलं तर खुशाल उघडू दे. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

बारा दिवस झाले. कोर्टाच्या पायऱ्यांवर तू म्हणालीस, "आई, आता माझ्याशी एक शब्द बोलू नकोस," आणि घरी येऊन अर्ध्या तासात बॅग भरलीस. भिंगरीचे कपडे तिच्या बापाकडे पाठवायचे म्हणून वेगळे काढलेस, तेही मला हात लावू न देता. मला एक सांग, न्यायाधीशांनी पोरगी बापाकडे दिली यात माझा काय गुन्हा? हुकूम त्यांनी लिहिला. मी तर बाहेर बाकावर बसले होते. आत त्यांच्या खोलीत ते आणि भिंगरी दोघंच.

आणि काय बोलली असेल ती! आठ वर्षांची पोर, पण मी पैजेवर सांगते, एका ठिकाणी अडली नसेल. चाळीस वर्षं मी वक्तृत्व स्पर्धांना मुलं तयार केली. कोण बोलेल आणि कोण बावचळेल हे मला पोरगं दारातून आत येतानाच कळतं. आणि हे महाशय लिहितात काय, तर "मूल पढवलेले दिसते". दिसते! त्या शनिवारी तिच्या बापानं तिला भर उन्हात अनवाणी बाल्कनीत कोंडलं, हे खोटं आहे का? तिच्या तळव्यांवरचे फोड खोटे होते का? दुसऱ्या दिवशी तू तिला माझ्याकडे सोडून ड्यूटीवर गेलीस तेव्हा मी माझ्या हातानं मलम लावलंय त्यांना. ते पाहिलं म्हणून तर त्याच आठवड्यात तुला तिथून बाहेर काढलं, पाच महिने दोघींना घरात ठेवून घेतलं. ते सगळं विसरलीस.

तू सगळ्यांदेखत विचारलंस, "तू तिला काय शिकवलंस?" तर ऐक. त्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घातली आणि म्हटलं, खरं तेच सांग. बस्स.

जेवतेस ना वेळेवर?

आई

११ एप्रिल

माऊ,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असं मी धरते.

आज तुझ्या वकीलबाईंकडे जाऊन आले. तू त्यांना बजावून ठेवलंयस म्हणे, आईला काही सांगायचं नाही. मी म्हटलं, लेकीची केस विचारत नाही, कायदा विचारते, कायदा काही माझ्या लेकीच्या मालकीचा नाही. हसल्या बिचाऱ्या. टेबलावर फायलींचा एवढा ढीग की त्यांचा चेहरा बघायला मला मान उंच करावी लागत होती.

म्हणाल्या, हा ताबा तात्पुरता आहे, घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंतचा. आणि ताब्याचा हुकूम तसाही काळ्या दगडावरची रेघ नसतो, परिस्थिती बदलली, काही नवीन समोर आलं, की पुन्हा अर्ज करता येतो. मी विचारलं, पोरगी स्वतःच्या तोंडानं म्हणते मला आईकडे राहायचंय, त्याला काहीच किंमत नाही? त्या म्हणाल्या, "मुलाचं ऐकतात आजी. पण ते बोलणं मुलाचंच आहे का, हे आधी बघतात." बोलताना माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मला नाही आवडलं ते.

मग त्यांनी हुकुमाचं तिसरं पान माझ्यापुढे सरकवलं. न्यायाधीशांनी लिहिलंय की मुलीनं प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं. 'तळवे' या शब्दाशी ती थांबली, दोन्ही हात पायांकडे केले आणि मग पुढचं वाक्य म्हटलं. त्यांनी थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारलं, तर ती पुन्हा त्याच शब्दाशी तेवढीच थांबली.

बरं बाई, घेतली होती थोडी तयारी. रोज शाळेतून आली की दूध प्यायल्यावर पंधरा मिनिटं, कपाटाच्या आरशासमोर. तू तेव्हा लॅबमध्ये असायचीस. यात वाईट काय आहे? अनोळखी माणसासमोर भलेभले त त प प करतात, ही तर चिमुरडी. ती रडली असती, गप्प बसली असती, मग काय केलं असतंस? मी तिला खोटं बोलायला शिकवलं नाही. खरं नीट सांगायला शिकवलं. दोन्हींत फरक आहे, आणि तो न्यायाधीशांना कळत नसेल तर त्यांचं दुर्दैव.

तुझ्यावर त्यांनी ताशेरे ओढलेत तेही वाचले. तुझ्या प्रतिज्ञापत्रात "तीन तास" आहे. आणि तुझ्या नवऱ्याच्या वकिलानं त्याच्या गोदामाच्या हजेरी मशीनचा कागद लावलाय, त्या दुपारी एक पाचला बाहेर, दोन दहाला आत. परत निघताना पोरीला त्यानं शेजारी सोडलं होतं, तेव्हा मधली जायची-यायची वीस मिनिटं सोडली तर उरतो पाऊण तास. म्हणून तू शपथेवर खोटं बोललीस, आणि अशा आईच्या हाती मूल देणं बरं नाही. वा! मशीनं कधी बिघडत नाहीत वाटतं?

त्याच्या ओळखीतलं कुणीतरी असेल तिथे. तू चौकशी कर.

आई

२३ एप्रिल

माऊ,

आज भिंगरीला बघितलं.

शाळा सुटायच्या वेळेला समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. हुकुमात तुझ्या भेटींबद्दल आहे, पंधरा दिवसांनी शनिवारी, कोर्टाच्या बालकक्षात दोन तास. माझ्याबद्दल त्यात अवाक्षर नाही, मग मला कोण अडवणार? ती बाहेर आली. दप्तर एका खांद्यावर, केस कुणीतरी रबर लावून नुसते बांधलेले. मला वाटलं, धावत येईल. तिनं मला पाहिलं, आणि माऊ, ती जागच्या जागी ताठ उभी राहिली. दोन्ही हात कडेला सरळ, हनुवटी वर, नजर माझ्या कपाळावर. तशीच उभी. मी हाक मारली तरी तशीच. आजूबाजूनं पोरं धक्के मारून जात होती.

मग तिचा बाप आला. त्यानं तिला गाडीत बसवलं, दार लावलं आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. मी दोन शब्द सुनवायच्या तयारीत होते. तो म्हणाला, "आई, तुम्ही असं येऊ नका." अजून आई म्हणतो मला. मी म्हटलं, लाज नाही वाटत, पोरीला होरपळवून वर साळसूदपणे उभा राहतोस?

तो खाली बघत होता. हळूच म्हणाला, "मी ठेवलं होतं तिला बाहेर. डोकं फिरलं होतं माझं, तिनं कागदांवर पाणी सांडलं म्हणून. कोर्टात मला कुणी नीट विचारलं असतं तर काय बोललो असतो, माझं मलाच माहीत नाही. पण विचारायची वेळच आली नाही. तुमच्या तीन तासांनी मला वाचवलं, आई."

आणि गेला. भिंगरीनं काचेतून मागे वळून बघितलं नाही.

आज एवढंच.

आई

२४ एप्रिल

माऊ,

आता सांगतेच, मग तुला काय करायचं ते कर.

मशीन बिघडलेलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली, मोजा काढला, तळवा दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यात ती म्हणाली की ती खूप वेळ बाहेर होती. "खूप वेळ" म्हणाली. मी लगेच म्हटलं, "खूप वेळ असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानावरून जातं. आकडा सांगावा. तीन तास म्हण. बरोब्बर तीन तास." सवय गं! जन्मभर पोरांना हेच सांगत आले. 'पुष्कळ माणसं' म्हणू नका, 'चारशे माणसं' म्हणा, परीक्षक मान वर करतात. कप काय उगाच मिळाले का?

मला तेव्हा कोर्ट डोळ्यांपुढे नव्हतं, देवाशपथ. ती तुला सांगेल तेव्हा तू "मुलं वाढवून सांगतात" म्हणून उडवून लावू नयेस, एवढंच मनात होतं. तू संध्याकाळी आलीस, मीच आधी तुला म्हटलं, "पोरीला तीन तास कोंडलं त्यानं." ती शेजारी उभी होती. तू तिला विचारलंस, "खरंच, राजा?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरोब्बर तीन तास."

मग ते वकीलबाईंच्या वहीत गेलं, तिथून तुझ्या प्रतिज्ञापत्रात, आणि तू डोळे मिटून सही केलीस, कारण आईनं सांगितलं होतं. मी पाच महिने तुझ्याबरोबर त्या कचेऱ्यांमधून हिंडले. शंभरदा तोंड उघडता आलं असतं. दर वेळी वाटायचं, आता बदललं तर सगळंच खोटं वाटेल. आणि खरं सांगू? मला स्वतःलाच तीन तास वाटायला लागले होते. एवढ्या वेळा ऐकले मी ते तिच्या तोंडून.

फोड खरे होते. डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, कागद झाला असता. मी मलम लावलं आणि बसले शिकवत.

तू मला शिव्या दे. पण दे तरी.

आई

९ मे

माऊ,

मी प्रतिज्ञापत्र केलं. वकीलबाईंनी तुला कळवलं असेलच.

त्यांनी मला दोनदा परत पाठवलं. घरी जा, विचार करा, म्हणाल्या. असं लिहून दिलंत तर तुमच्या मुलीनं जाणूनबुजून खोटं लिहिलं नाही हे दिसेल, पण समोरची बाजू तुम्हाला सोलून काढेल, आणि न्यायाधीश तुम्हाला नातीपासून लांब ठेवतील, कदाचित कायमचं. वर कोर्टाची दिशाभूल केली म्हणून नोटीस आली तर तीही अंगावर घ्यावी लागेल. मी म्हटलं, माझं वय बघता कोर्टालाच घाई करावी लागेल. या वेळी त्या हसल्या नाहीत.

टायपिस्ट मला विचारत होता आणि मी सांगत होते. मी एक वाक्य जरा बांधून सांगितलं, तर वकीलबाई मध्येच म्हणाल्या, "आजी, छान नको. साधं सांगा." मग साधं सांगितलं. तीन तास हे शब्द माझे आहेत. मुलीचे नाहीत, तिच्या आईचे नाहीत. दोन्ही तळव्यांवर फोड होते, ते मी पाहिले. डॉक्टरला दाखवले नाहीत. मुलीकडून न्यायाधीशांपुढचं बोलणं मी साधारण दोन महिने पाठ करून घेतलं. तिच्या आईला हे माहीत नव्हतं.

जावई रस्त्यावर जे बोलला तेही घातलं. वकीलबाई म्हणतात, तो कानांवर हात ठेवेल. ठेवू दे.

सही केली. भीती वाटायला हवी होती, पण नाही वाटली. लाज वाटत होती.

आई

३० मे

माऊ,

कोर्टाच्या समुपदेशकबाईंनी मला बोलावलं होतं. लहानशी खोली, जमिनीवर सतरंजी, एका कोपऱ्यात चाक निखळलेली गाडी आणि कपडे नसलेल्या बाहुल्या. बाई तुझ्याच वयाच्या. आवाज न चढवता बोलतात, त्यामुळे जास्तच धडकी भरते.

त्या भिंगरीला चार वेळा भेटल्यात. पहिल्या तीन वेळा ती नुसती चित्रं रंगवत बसली. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, बाल्कनीत काय झालं ते तुला सांगावंसं वाटतं का? तर ती म्हणाली, "मला नाही आठवत. आजीला विचारा. तिच्याकडे लिहिलेलं आहे."

त्यांनी मला विचारलं, "आहे का लिहिलेलं?"

आहे. निळी वही. शिकवणीची वही जशी करते तशीच, समासात लाल पेन्सिलीनं खुणा, कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा. दुसऱ्या दिवशी नेऊन दिली त्यांना. त्यांनी उघडली, दोन पानं वाचली आणि मिटून ठेवली. मी विचारलं, "तिला पुन्हा आठवेल ना?" त्या म्हणाल्या, "तिला तुमचं बोलणं आठवतं. त्याच्या खाली काय होतं ते तिला सापडत नाही. ते कदाचित सापडेल, कदाचित नाही." मग म्हणाल्या, "ती मला विचारत होती, मी चुकले म्हणून मला बाबांकडे पाठवलं का?"

माऊ, पोरीला वाटतंय ती विसरली म्हणून हरली. मी पोरांना हेच तर सांगायचे, विसरलात तर हरलात.

तू शनिवारी भेटशील तेव्हा तिला सांग, तुझी काही चूक नाही. मी सांगू शकत नाही.

आई

१९ जून

माऊ,

हे शेवटचं. वकीलबाईंनी सांगितलंय, आजनंतर तुझ्या हाती माझं एक चिटोरंही दिसलं तर त्याचा वकील त्याचं भांडवल करील. तेव्हा हे वाचून जाळून टाक.

हुकूम तू वाचलासच, तरी माझ्या समाधानासाठी लिहिते. भिंगरी सोमवारपासून तुझ्याकडे. तुझ्यावरचा डाग पुसला. मी तिला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, पत्र लिहायचं नाही, शाळेच्या आसपास फिरकायचं नाही, पुढचा हुकूम होईपर्यंत. न्यायाधीशांनी मला विचारलं, काही म्हणायचंय? मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.

पण दर शनिवार-रविवार ती बापाकडे राहायला जाणार. त्याच घरी. त्यानं सांगितलं, दहा मिनिटं ठेवली असेल, दार नुसतं लोटलं होतं, आणि रस्त्यावर मी आईंशी काही बोललोच नाही. बाल्कनीत नक्की काय झालं ते आता ठरवता येत नाही, असं लिहून न्यायाधीशांनी तो विषय मिटवला. तू वकीलबाईंना विचारलंस, निदान कुणाच्या देखरेखीखाली भेट मागता येईल ना? त्या म्हणाल्या, मागता येईल, पण त्याला आधार लागेल. पढवलेलं नको, पोरीचं पहिलं बोलणं हवं.

तेव्हा तू माझ्याकडे आलीस. तीन महिन्यांत पहिल्यांदा. किती वाळलीयेस गं! तू म्हणालीस, "आई, त्या रविवारी ती तुझ्याकडे पहिल्यांदा बोलली, शिकवायच्या आधी, तेव्हा नेमके काय शब्द होते तिचे? आठवून सांग. जसेच्या तसे." मी तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि तुला वाटलं आई पुन्हा फुगली. तू पाठ फिरवून गेलीस.

मी फुगले नव्हते. चार दिवस मी डोक्याला ताण देतेय. सकाळी उठल्यापासून स्वयंपाकघरात त्याच जागी बसते, जिथे ती उभी होती तिकडे बघते. मला काही आठवत नाही, माऊ. 'खूप वेळ' एवढे दोन शब्द, तेही मी बदलले म्हणून लक्षात राहिले. बाकी ती बरंच बोलली होती. दाराबद्दल काहीतरी होतं. तो आतून काय करत होता तेही होतं. याआधीही कधी झालं होतं का, तेही ती म्हणाली, हो म्हणाली की नाही म्हणाली, मला सांगता येत नाही. मी ऐकत नव्हते गं. ती बोलत होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होते, कुठलं आधी घ्यावं, कुठलं गाळावं. वहीत आहे ते सगळं माझं आहे. तिचं मी कुठेच ठेवलं नाही, आणि आता तिच्याकडेही ते नाही.

एवढंच आठवतं की बोलताना ती माझ्या अंगाला चिकटली होती. माझं बोट तिनं घट्ट धरलं होतं, तिला कडेवर यायचं होतं. एवढी मोठी झाली तरी. मी बोट सोडवलं आणि म्हटलं, "आधी सरळ उभी राहा, मग सांग."

आई